बटाटा-अ‍ॅव्होकाडो सॅलड काळं का पडतं, गिचका का होतो, आणि २० माणसांसाठी ते कसं करावं

तुम्ही हे सॅलड दोनदा करून पाहिलंत. पहिल्या वेळी बटाटे उकडले, सोलले, अ‍ॅव्होकाडो कुस्करला आणि सगळं लगेच कालवलं. तासाभरात ते करडं पडलं. दुसऱ्या वेळी भरपूर लिंबू पिळलंत. रंग थोडा टिकला, पण सॅलड आंबटढाण झालं आणि बटाट्यांचा गिचका झाला. आता २० माणसांसाठी करायचं आहे. आदल्या दिवशी करून ठेवता येईल का आणि मेयोनेज अजिबात न घालता जमेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मेयोनेजशिवाय उत्तम जमतं. आदल्या दिवशी मात्र अर्धंच सॅलड करायचं, बटाट्याचं अर्धं. अ‍ॅव्होकाडोला वाढायच्या आधीच्या तासाभरातच हात लावायचा. मोठ्या स्वयंपाकघरात थंड पदार्थांचा विभाग सांभाळत मला १८ वर्षं झाली. या एका सॅलडबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर ती ही: बटाट्याला आंबटपणा गरम असताना हवा आणि अ‍ॅव्होकाडोला थंड असताना. दोघांना एकाच वेळी, एकाच भांड्यात, एकाच लिंबाने सांभाळायला गेलं की एकाचं तरी बिघडतं. तुमचं दोन्ही वेळा तेच झालं.

आधी बटाट्याचं बघू. सगळं लक्ष अ‍ॅव्होकाडोकडे जातं, पण खरं काम बटाट्यातच असतं.

बटाटे ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक पिठूळ: उकडला की भुरभुरतो, कुस्करायला आणि तळायला छान. दुसरा चिकट, मेणासारखा: उकडल्यावरही फोड अख्खी राहते, सुरीने कापली तर कडा स्वच्छ येते. सॅलडला दुसरा हवा. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त असतो. शिजताना तो फुगतो आणि पेशी एकमेकींपासून सुटतात, म्हणून चमचा फिरवताच फोडीच्या कडा झडतात. झडलेलं पीठ अ‍ॅव्होकाडोत मिसळलं की तुम्ही म्हणता तो लगदा तयार होतो. लहान, पातळ सालीचे, अंगठ्याने चोळलं तर साल निघते असे नवे बटाटे बहुतेक वेळा चालतात. जात माहीत नसेल तर जुनी, खात्रीची परीक्षा आहे. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि त्यात एक कच्चा बटाटा सोडा. बुडला तर पिठूळ, तरंगला तर सॅलडचा. स्टार्चने बटाटा जड होतो, एवढंच त्यामागचं कारण. मोठ्या ऑर्डरच्या आधी मी आजही पोत्यातले दोन-तीन बटाटे असे सोडून बघते. हिरवी झाक आलेले किंवा मोड आलेले बटाटे मात्र बाजूला काढा. झाक थोडीच असेल तर तो भाग खोलवर कापून टाका, जास्त असेल तर अख्खा बटाटाच टाकून द्या.

उकडताना बटाटे थंड पाण्यातच टाका. उकळत्या पाण्यात टाकले तर आतला भाग शिजेपर्यंत बाहेरचा थर फुटून गळायला लागतो. थंड पाण्यातून हळूहळू तापवल्याचा आणखी एक फायदा आहे. साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यातून बटाटा सावकाश गेला की त्यातलं एक एन्झाइम पेशींच्या भिंती घट्ट करतं, आणि पुढे पूर्ण शिजला तरी फोड मोडत नाही. एका लिटर पाण्याला १० ग्रॅम मीठ घाला, म्हणजे जवळजवळ दोन छोटे चमचे. हे मीठ आतपर्यंत जातं. वरून घातलेलं मीठ सॉसमध्येच राहतं, मग सॉस खारट आणि बटाटा अळणी लागतो. त्याच पाण्यात लिटरला एक मोठा चमचा साधं पांढरं व्हिनेगरही घाला. आंबट पाण्यात पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सावकाश विरघळतं, त्यामुळे बटाटा एखादं मिनिट जास्त शिजला तरी सांभाळून घेतो. मिनिटाचं गणित चुकण्याची भीती असेल त्यांनी हे जरूर करावं.

अख्खे उकडायचे की कापून? अख्खे, सालीसकट उकडलेले जास्त चवदार लागतात, हे खरं. पण २० माणसांचे बटाटे गरमगरम सोलायचे म्हणजे बोटं भाजतात, आणि गार होऊ दिले तर पुढची सगळ्यात महत्त्वाची पायरी हातची जाते. म्हणून जास्त माणसांसाठी मी आधी सोलते, अडीच ते तीन सेंटिमीटरच्या फोडी करते, दोनदा पाण्यातून काढते आणि मग थंड पाण्यात चढवते. फोडी सारख्या हव्यात. पाण्याला उकळी आली की आच कमी करा. पाणी नुसतं थरथरत राहिलं पाहिजे. खळखळ उकळलं की फोडी एकमेकींवर आपटून कडा झडतात. उकळी आल्यापासून १० ते १५ मिनिटं लागतात. आठव्या मिनिटापासून एक एक फोड काढून बघा: सुरीचं टोक अडथळ्याविना आत जावं, आणि सुरी वर उचलल्यावर फोड आपोआप घसरून खाली पडावी. टोचताच तुटली तर उशीर झाला.

कुकर या कामासाठी मला आवडत नाही. आत काय चाललं आहे ते दिसत नाही आणि एका शिट्टीच्या फरकाने बटाटा उलतो, पाणी पितो. दुसरा मार्गच नसेल तर बटाटे पाण्यात न ठेवता डब्यात, पाण्याच्या वर, नुसत्या वाफेवर ठेवा.

आता ती पायरी. फोडी चाळणीत ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. वाफ निघून जाते तसा वरचा चकाकणारा ओलसर थर कोरडा, निस्तेज होतो, कडा पांढुरक्या दिसायला लागतात. तेवढं झालं की फोडी पसरट परातीत घ्या आणि लगेच, वाफ निघत असतानाच, वरून व्हिनेगर शिंपडा. एक किलो बटाट्यांना दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि तेवढंच गरम पाणी, दोन्ही एकत्र करून. नाकात झिणझिण्या येतील, चेहरा जरा लांब ठेवा. परात दोन्ही हातांनी उचलून दोनदा हलकेच झोल द्या, चमचा नको. तळाशी आंबट पाणी साचलेलं दिसेल. पाच मिनिटांनी परात तिरकी करून पाहा: तळ कोरडा झालेला असेल. सगळं बटाट्यात गेलं. थंड बटाट्यावर हाच प्रयोग करून बघा, व्हिनेगर तळाशी तसंच राहतं, कारण गार होताना स्टार्च आवळून घट्ट होतो आणि मग तो काही आत घेत नाही.

तुमच्या दुसऱ्या वेळच्या आंबटपणाचं कारण हेच असावं. लिंबू बटाट्यात शिरलंच नाही, बाहेर सॉसमध्ये राहिलं. जिभेला आधी नुसता आंबट सॉस लागला आणि मागाहून फिका बटाटा. तेवढाच आंबटपणा बटाट्याच्या पोटात असता तर सॅलड चटपटीत लागलं असतं.

व्हिनेगर मुरलं की एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल आणि ताजी मिरपूड टाका. क्रम महत्त्वाचा. तेल आधी घातलं तर फोडीवर त्याचा पातळ थर बसतो आणि व्हिनेगर आत जात नाही.

मग फोडी ताटात एका थरात पसरून गार करा. खोल पातेल्यात ढीग करून ठेवल्या तर मधल्या फोडी तासनतास कोमट राहतात, आपल्याच वाफेने भिजतात, आणि शिजलेला स्टार्च कोमट राहणं पोटाच्या दृष्टीनेही चांगलं नाही. उकडल्यापासून दोन तासांच्या आत त्या फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत. इथपर्यंतचं सगळं आदल्या संध्याकाळी करून ठेवा. रात्रभरात चव आणखी मुरते आणि फोडी इतक्या घट्ट होतात की दुसऱ्या दिवशी कालवताना मोडत नाहीत. एका रात्रीच्या विश्रांतीने सुधारतो असा हा सॅलडचा एकच भाग आहे.

आता अ‍ॅव्होकाडो. हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतं. त्यामुळे बाजारात मिळतो तो बहुतेक वेळा दगडासारखा, आणि ज्या दिवशी हवा त्या दिवशी बरोबर पिकलेला मिळेल या भरवशावर राहू नये. चार-पाच दिवस आधी कडक फळं आणा आणि घरात उघड्यावर ठेवा. घाई असेल तर कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती एक-दोन दिवस लवकर पिकतात. कडक फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, पिकणं थांबतं आणि पुष्कळदा आतून काळपट, रबरी निघतं. पिकल्यावर मात्र फ्रिजमध्येच ठेवा, दोन-तीन दिवस आहे तसं राहतं. कच्चं फळ ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून मऊ करण्याची युक्ती सांगतात ती विसरा. मऊ होतं, पिकत नाही, चव कच्च्या पाल्यासारखी राहते आणि वर कडवट होते.

पिकलेला ओळखताना बोटाने खुपसू नका, आत काळा डाग पडतो. फळ तळहातावर घेऊन मूठ हलकेच आवळा. किंचित दबलं, पण खड्डा पडला नाही, तर ते फोडींसाठी. लोण्यासारखं दबलं तर ते सॉससाठी. या सॅलडला दोन्ही अवस्था लागतात, हे खरेदी करतानाच ध्यानात ठेवा. एकाच अवस्थेची सगळी फळं आणली की एक तर फोडी मोडतात नाहीतर सॉस गुठळ्यांचा होतो. साल काळी झाली म्हणजे पिकला, हा नियम मुख्यतः हास जातीला लागू आहे. रुडॉल्फ हास या कॅलिफोर्नियातल्या टपाल कर्मचाऱ्याने १९३५ साली ज्या झाडाचं पेटंट घेतलं, त्याच एका झाडाच्या कलमांपासून ही खडबडीत सालीची जात जगभर गेली, आणि तिचा नियम लोक प्रत्येक अ‍ॅव्होकाडोला लावायला लागले. मोठ्या, गुळगुळीत, हिरव्या जाती पिकल्यावरही हिरव्याच राहतात. शिवाय त्यांच्यात बहुधा स्निग्धांश कमी आणि पाणी जास्त असतं, म्हणून सॉस पातळ होतो. तशा मिळाल्या तर सॉसमधलं तेल थोडं वाढवा.

कापण्याआधी फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि कोरडं करा. साल खायची नसली तरी सुरी सालीतूनच गरात जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत सालीच्या १७ टक्क्यांहून थोड्या जास्त नमुन्यांवर लिस्टेरिया हे अन्नातून आजार पसरवणारे जिवाणू सापडले होते. गरात ते प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. म्हणजे धोका सालीवर असतो आणि आपणच तो सुरीने आत नेतो. अ‍ॅव्होकाडो पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायची पद्धतही याच कारणासाठी टाळा.

फळ फळीवर आडवं ठेवा, वरून तळहाताने धरा, सुरी बीला टेकेपर्यंत आत घाला आणि फळ सुरीभोवती फिरवा. दोन्ही अर्धे उलट दिशांना पिळले की सुटतात. बी चमच्याने उचला. सुरीची धार बीवर आपटून ती काढण्याची चित्रं सगळीकडे दिसतात, पण मी माझ्या विभागात ते कुणालाही करू देत नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मुलीची सुरी निसरड्या बीवरून घसरून तळहातात गेली, टाके पडले, आणि कितीतरी दिवस तिला मूठ नीट मिटता येत नव्हती. अर्धा अ‍ॅव्होकाडो तळहातात धरून त्यातच सुरीने चौकोन आखणंही तितकंच वाईट. अर्ध्याचे परत दोन भाग करा आणि साल टोकाकडून धरून हाताने सोला. नीट पिकलेल्या फळाची साल केळ्यासारखी निघते. चमच्याने खरवडून काढलं तर सालीलगतचा सगळ्यात गडद हिरवा थर सालीलाच चिकटून राहतो, आणि सॅलडचा रंग त्याच थरात असतो.

आता काळं पडण्याबद्दल. गर कापला की पेशी फुटतात, आतली फिनॉल द्रव्यं, हवेतला ऑक्सिजन आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम एकत्र येतात आणि तपकिरी रंग तयार होतो. याला रोखायचे मार्ग तीनच: आंबट, गारवा आणि हवेशी संपर्क कमी. लिंबू दोन बाजूंनी काम करतं. आंबटपणाने एन्झाइम मंदावतं आणि त्यातलं क जीवनसत्त्व तयार होऊ लागलेला रंग परत मागे फिरवतं. व्हिनेगरमध्ये आंबटपणा आहे, पण क जीवनसत्त्व नाही. म्हणून मी बटाट्याला व्हिनेगर आणि अ‍ॅव्होकाडोला लिंबू अशी विभागणी करते. पण क जीवनसत्त्व हळूहळू खर्च होत जातं, तेव्हा लिंबाने तुम्ही फक्त वेळ विकत घेता. दुप्पट लिंबू पिळून दुप्पट वेळ मिळत नाही, चव मात्र दुप्पट बिघडते. बी सॉसमध्ये ठेवली की काळं पडत नाही हेही खरं नाही. बीच्या खाली हवा पोहोचत नाही म्हणून तेवढाच ठिपका हिरवा राहतो.

पहिल्या वेळी तासाभरात सगळं करडं पडलं, कारण बटाटे कोमट होते. कोमट फोडींच्या ऊबेने एन्झाइमचा वेग वाढतो. वर वाफेने सॉस सैल होतो, आणि अ‍ॅव्होकाडोला जास्त उष्णता लागली की त्यात कडवटपणा येतो. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः हे केलं आहे. ६० माणसांचं जेवण होतं, वेळ कमी होता, बटाटे हाताला जेमतेम सोसत असताना मी कालवलं आणि डब्याचं झाकण लावलं. पाऊण तासाने झाकण उघडलं तेव्हा वरचा थर राखेच्या रंगाचा होता आणि झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं. चव तशी बरी होती, पण एकानेही दुसऱ्यांदा घेतलं नाही. त्या दिवसापासून बटाटा हाताला गार लागल्याशिवाय मी अ‍ॅव्होकाडो कापायलाच घेत नाही.

प्रमाण सांगते. छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा. एक किलो बटाट्यांना मध्यम आकाराचे दोन अ‍ॅव्होकाडो, एक मऊ आणि एक जरा घट्ट. मऊ फळाचा गर साधारण १४० ग्रॅम भरतो. त्यात आधी दीड मोठा चमचा लिंबाचा रस, मग काट्याने कुस्करा. कुस्करायच्या आधीच लिंबू घालायचं, म्हणजे पेशी फुटतानाच रस तिथे असतो. नंतर १०० ग्रॅम घट्ट दही, फडक्यात बांधून पाणी काढलेलं, अर्धा ते पाऊण तास टांगलं तरी पुरे. दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक छोटा चमचा तयार मोहरीची पेस्ट, अर्धा छोटा चमचा मीठ. मिक्सर वापरलात तर दोन-तीन झटकेच द्या. जास्त फिरवलं की सॉस फुगतो, फिका होतो, आणि आत कोंडलेली हवा तो आतूनच काळा करते. मी काटाच वापरते, बारीक गुठळ्या राहिल्या तरी खाताना त्या छान लागतात.

मेयोनेजचं म्हणाल तर हास जातीच्या अ‍ॅव्होकाडोत शंभर ग्रॅमला साधारण १५ ग्रॅम स्निग्धांश असतो. सॉसला गुळगुळीतपणा देण्याचं काम तो स्वतःच करतो. दही त्याला हलकं करतं, मोहरी तेल-पाणी धरून ठेवते. दोन्ही घातली, अ‍ॅव्होकाडो आणि मेयोनेज, तर दोन घासांनंतर जड वाटायला लागतं. दूध-दही चालत नसेल त्यांनी दह्याऐवजी आणखी अर्धा मऊ अ‍ॅव्होकाडो आणि दोन-तीन चमचे गार पाणी घ्यावं.

घट्ट अ‍ॅव्होकाडोच्या फोडी बटाट्यापेक्षा लहान करा, दीड सेंटिमीटरच्या. त्यांना एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि थोडं तेल चोळून वेगळ्या ताटलीत ठेवा. तेलाच्या थराने हवाही थोडी अडते.

कालवताना क्रम असा: गार बटाटे, त्यावर बाकीच्या भाज्या, मग सॉस, आणि रुंद उलथन्याने तळापासून वर उचलत जास्तीत जास्त सात-आठ वेळा फिरवा. अ‍ॅव्होकाडोच्या फोडी अगदी शेवटी, वरून ठेवायच्या आणि दोनदाच उलटायच्या. त्या प्रत्येक घासात दिसल्या पाहिजेत. त्या विरघळल्या तर अ‍ॅव्होकाडो घातला हे फक्त करणाऱ्यालाच कळतं.

बाकी काय घालावं यात माझा आग्रह एकच आहे, काहीतरी कुरकुरीत हवं. बटाटा मऊ, अ‍ॅव्होकाडो मऊ, सॉस मऊ. दाताला काही लागलंच नाही तर चांगलं सॅलडही कंटाळवाणं होतं. सेलरीचे पातळ काप, मुळा, कांद्याची पात, किंवा बिया काढलेली काकडी. काकडी मीठ लावून १५ मिनिटं ठेवा आणि पिळून घ्या, नाहीतर तिचं पाणी नंतर सॅलडमध्ये सुटतं. कच्चा कांदा घालणार असाल तर बारीक चिरून दहा मिनिटं थोड्या व्हिनेगरमध्ये ठेवा, उग्रपणा जातो. उकडलेलं अंडं चांगलं जमतं. टोमॅटो मी घालत नाही, पाणी सोडतो आणि हिरव्या सॉसला गढूळ करतो. कोथिंबीर, शेपू किंवा पार्सली यातली एकच निवडा.

आता तुमचे २० जण. सोबतचा पदार्थ म्हणून माणशी १५० ग्रॅम बटाटे धरा, म्हणजे तीन किलो, आणि सहा अ‍ॅव्होकाडो. मी सात आणेन, कारण एखादा आतून खराब निघतोच. बाकी सगळं वरच्या प्रमाणाच्या तिप्पट. बटाटे दोन पातेल्यांत उकडा, एका पातेल्यात तीन किलो दाटीवाटीने उकडले तर वरचे कच्चे आणि खालचे फुटलेले निघतात. आदल्या संध्याकाळी बटाटे उकडून, व्हिनेगर मुरवून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा, दही टांगा. त्या दिवशी सकाळी भाज्या चिरा, अंडी उकडा. वाढायच्या तासभर आधी सॉस करा आणि पृष्ठभागाला चिकटून प्लास्टिकची फिल्म लावा. झाकण पुरत नाही, झाकण आणि सॉस यांच्यामध्ये हवा राहते. फोडी शेवटच्या १५ मिनिटांत. दुसरीकडे न्यायचं असेल तर बटाटे, सॉस आणि अख्खे अ‍ॅव्होकाडो असं तीन ठिकाणी न्या आणि तिथे पोहोचल्यावर कालवा. सगळं एकदम कालवू नका, निम्मं आधी आणि निम्मं अर्ध्या तासाने. दुसऱ्या फेरीला येणाऱ्यालाही मग हिरवं सॅलड मिळतं.

कालवलेलं सॅलड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भांडं बर्फाच्या ताटात ठेवलं तर वेळही सांभाळली जाते आणि रंगही. तेवढ्या वेळेत फ्रिजमध्ये परत गेलेलं सॅलड दुसऱ्या दिवशी खाता येतं. वरचा थर तपकिरी दिसेल, तो नुसता रंग आहे, चमच्याने काढला की खाली हिरवं असतं. पण उघड्यावर जास्त वेळ राहिलेलं, ते कितीही हिरवं दिसत असलं तरी टाकून द्या. रंगाचा आणि खराब होण्याचा काही संबंध नाही, दोन्हींची गल्लत पुष्कळ जण करतात. नुसते व्हिनेगर मुरलेले बटाटे मात्र तीन दिवस चांगले राहतात. म्हणून घरात दोघा-तिघांसाठी करताना मी किलोभर बटाटे तयार ठेवते आणि रोज लागेल तेवढ्यालाच अर्धा अ‍ॅव्होकाडो लावते. उरलेल्या अर्ध्यात बी तशीच ठेवून कापलेल्या बाजूला लिंबू चोळते आणि फिल्म गुंडाळते.

वाढायच्या आधी एक फोड खाऊन बघा, फ्रिजमधून काढलेली, गारच. गार पदार्थात मिठाची चव कमी जाणवते, त्यामुळे काल कोमट बटाट्याला बरोबर वाटलेलं मीठ आज थोडं कमी पडेल. मीठ हवं असेल तर चिमटीने वरून भुरभुरवा. आंबट कमी वाटलं तर सॉसमध्ये आणखी रस घालू नका, लिंबाची साल वरवर किसून टाका. वास लिंबाचा येतो, आंबटपणा वाढत नाही.